येळवसेला ठेवलेली मीटिंग

"तुम्ही आहात कुठे? मी विचारतेय, आहात कुठे तुम्ही?"

मॅडमचा आवाज फोनमधून असा सुटला की माझ्या पत्रावळीतल्या भज्जीवर लाटा उठल्या. कोपीच्या शेंड्यावर बसलेल्या चिमण्या उडाल्या त्या थेट कर्नाटकात जाऊन बसल्या. निलंग्याकडच्या आमच्या शेतापासून सीमा तशी लांब नाही, पण तरीही.

"ऑफिससमोर उभी आहे मी. शटर बंद. शेजारचं बंद, समोरचं बंद, चहाची टपरी बंद. रस्त्यावर माणूस सोडा, कुत्रंसुद्धा दिसत नाही. काय झालंय काय लातूरला?"

मी तोंडातला घास गालात सारला. "मॅडम, आज येळवस."

"आज काय?"

आता हे फोनवर कसं सांगायचं? येळवस म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला अख्खं लातूर शेतात जातं. ज्याचं शेत आहे तो स्वतःच्या शेतात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याची कोपी उभारायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग बसून खायचं. शेंगभाज्या आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यातून भांड्याने उपसून प्यायची ताकातली आंबील. दुपारी बाराला लातूरच्या भर चौकात तुम्ही घोंगडी अंथरून झोपलात तर संध्याकाळपर्यंत कोणी उठवणार नाही. चोरसुद्धा त्या दिवशी चोरी करत नाहीत. तेही कुणाच्या तरी शेतात जेवत असतात. नांदेड जिल्ह्यात ही येळवस लोह्यापर्यंत येते, पण नांदेड शहराच्या वेशीशी आली की लाजते आणि माघारी फिरते. मॅडम त्या शहरातच वाढलेल्या. शेत म्हणजे गाडीच्या काचेतून मागे पळतं ते, एवढीच त्यांची ओळख.

"सोमवारी मी तुम्हाला फोन केला होता," मॅडम म्हणाल्या. आता ओरडत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. "शुक्रवारी लातूरला येते, सगळे हजर पाहिजेत, असं म्हणाले होते की नाही?"

म्हणाल्या होत्या. आणि मी काय म्हणालो होतो तेही मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी म्हणालो होतो, "या मॅडम, या! सगळेच असतोत. मिस्टरांनाही आणा." त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, बाईंचा गळा भरून आला.

खरं सांगतो, यात माझी काही बदमाशी नव्हती. लातूरच्या माणसाला कोणी म्हणालं की मी येळवसेला येतो, तर तो जेवायलाच येणार. त्या दिवशी मीटिंग ठेवणारं माणूस या पृथ्वीवर असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. ग्रुपवर त्यांनी एक फाईलही टाकली होती म्हणे, त्यात मीटिंगचे विषय होते. मी त्या फाईलला अंगठा दाखवला होता. मी प्रत्येक फाईलला अंगठा दाखवतो. उघडून बघितली की काम निघतं.

"पत्ता पाठवा," मॅडम म्हणाल्या. "तिकडेच येते. मीटिंग तिथेच घेऊ. तसंही तुमचं शेत बघायचंच होतं."

फोन बंद झाला आणि गालातला घास तिथेच राहिला. कारण ती शेवटची ओळ.

हे समजायला जरा मागं जावं लागेल. आमची कंपनी ठिबक सिंचनाची. म्हणजे पिकाच्या मुळाशी नळ्यांमधून थेंब थेंब पाणी सोडायचं सामान विकणारी. हेड ऑफिस नांदेडला, शाखा लातूरला, आणि लातूरची शाखा म्हणजे मी. बाकी एक फिटर आणि एक हिशेबाचा पोऱ्या. पोऱ्या म्हणावं तर पोऱ्या नाही, त्याला माझ्यापेक्षा दोन लेकरं जास्त. पूर्वीचे साहेब माझ्याच जातकुळीचे होते, म्हणजे बोलण्याच्या. मी सांगायचो की आमच्या नळीवरचा ऊस एवढा वाढला की वर वीज कंपनीचे वायरमन येऊन छाटून गेले. ते म्हणायचे, हे काहीच नाही, माझ्या सासुरवाडीला तर उसावर मोबाईलचा टॉवर बसवलाय. असं आमचं चालायचं. काम कधी व्हायचं कोण जाणे, पण व्हायचं.

ते साहेब निवृत्त झाले आणि मॅडम आल्या. मॅडम एका शब्दात बोलायच्या. "ठीक." "बघते." "पाठवा." मी घटकाभर बोलून घसा कोरडा केला की पलीकडून "बरं" यायचं, आणि त्या "बरं"चा अर्थ लावण्यात माझी झोप जायची. बरं म्हणजे चांगलं? की बरं म्हणजे आता पुरे? मी मॅडमचे मेसेज बायकोला वाचून दाखवायचो. "हे बघ, काल 'ओके' होतं, आज 'ठीक' आहे. बिनसलंय."

"अहो, बोटाला जे अक्षर सापडलं ते दाबलं असंल त्यांनी," ती म्हणायची. बायकांना ऑफिसातलं राजकारण कळत नाही, असं मी मनात म्हणायचो. मोठ्याने म्हणायची सोय नाही.

त्यात दिवाळीच्या आसपास आमच्या मालट्रकचा ड्रायव्हर नांदेडहून बातमी घेऊन आला. "सायेब, गोडाऊनला पक्का माणूस बघायलेत. तुमचं नाव चालू हाय म्हणं." एवढं बोलून त्याने पाइप उतरवले आणि तो निघून गेला.

नांदेडचं गोडाऊन तुम्ही बघितलं नसेल. शहराबाहेर, पत्र्याचं, लांबलचक. उन्हाळ्यात आत असं तापतं की प्लास्टिकचे पाइप आपोआप वाकून एकमेकांना नमस्कार करतात. तिथे माणूस नाही, शेतकरी नाही, बांध नाही, चहा नाही. मी बोलणारा माणूस. दिवसभरात कुणी ऐकणारं भेटलं नाही तर संध्याकाळी माझे कान दुखतात, न बोललेले शब्द तिकडून बाहेर पडायला बघतात म्हणून. मला त्या गोडाऊनवर बसवलं असतं तर महिनाभरात मी उंदरांना ठिबकचे फायदे समजावून सांगितले असते, आणि उंदीर परभणीला स्थलांतरित झाले असते.

तेव्हापासून माझं एकच काम: मॅडमशी जमवून घ्यायचं. लातूर हातातून जाऊ द्यायचं नाही.

काय काय केलं म्हणून सांगू! रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा मेसेज. उत्तर नाही. निलंग्याचा भात डब्यात भरून, डबा टॉवेलात गुंडाळून, पहाटेच्या बसने नांदेडला नेला, डबा टेबलावर ठेवला तर मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट?" आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे त्यांना कधीच नाही म्हणायचं नाही. जमेल का? जमलं म्हणून समजा. होईल का? झालंच आहे. कसं काय चाललंय लातूरकडे? मॅडम, काय सांगू, आमच्या शिवारात आता पाटाने पाणी देणं म्हणजे काय, हे लेकरांना पुस्तकातलं चित्र दाखवून सांगावं लागतं!

याच वाक्यावर मॅडम पहिल्यांदा एका शब्दापेक्षा जास्त बोलल्या होत्या. "हो? मग कधीतरी तुमचं शेत बघायला आवडेल."

आणि आता त्या येत होत्या.

अडचण अशी की आमच्या शिवारात खरोखर सगळीकडे नळ्या आहेत. मीच विकल्या आहेत. डावीकडच्या शेतात, उजवीकडच्या शेतात, ओढ्याच्या पलीकडे. फक्त मधोमध एका शेतात नाहीत, आणि ते शेत आमचं. तिथे अजून दांड काढून पाट सोडतात, कारण ते शेत माझ्या चुलत्यांच्या हातात आहे. वडलांच्या माघारी तेच घरचे कर्ते. त्यांना आख्खं गाव आबा म्हणतं. आणि आबांना काही सांगायचं म्हणजे आधी तीन दिवस विहिरीला सांगून तालीम करावी लागते. मी मॅडमला सांगितलं ते खोटं नव्हतं. शिवार म्हणालो होतो, शेत म्हणालो नव्हतो. पण हा फरक मॅडमना पटेल अशी परिस्थिती त्या दिवशी दिसत नव्हती.

मी उठलो. हात धुतला, दस्तीला पुसला, परत बसलो, परत उठलो. बांधावर गेलो. विहिरीच्या काठावर चढलो, कारण इंटरनेटची रेंज तिथेच येते. पत्ता पाठवायचा तर कुठला? आमच्या डाव्या बाजूला भावकीतल्याच एकाचं शेत. माझंच गिऱ्हाईक. हरभरा असा हिरवा की डोळे चोळावेत, आणि सरीसरीला काळ्या नळ्या. मी त्याच्या कोपीत गेलो आणि कानात सांगितलं, "आमच्या मॅडम यायल्यात. तासभर तुझ्या कोपीत बसवू का?"

"खुशाल बसव की," तो म्हणाला. "पण जेवण आमच्याकडं व्हायला पाहिजे. नुसती बसवून न्यायची न्हाई."

मी त्याच्या शेताचा पत्ता पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं, "बरं."

त्यानंतर मी रस्ता ते बांध आणि बांध ते रस्ता एवढ्या चकरा मारल्या की तिथे नवीन पायवाट पडली. आता महसूलच्या नकाशात ती दाखवतात असं ऐकतो. बायको कोपीतून बघत होती. "अहो, बसा की जरा. खुंटा उपटलेल्या वळूवानी काय फिरायलात?" मी म्हणालो, पोट जड झालंय, चालतोय. आबा घोंगडीवर आडवे होऊन उंडा चघळत होते. त्यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, मिटला. आबांचा एक डोळा मला दुसऱ्या माणसाच्या दोन्हीपेक्षा जास्त जाचतो.

मॅडमची पांढरी गाडी आली ती धुळीने तांबडी होऊन. दार उघडून बाहेर आल्या, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, चेहरा असा की मी नमस्काराचे हात जोडले ते सोडायचं विसरलो.

"रस्त्यात तीन ठिकाणी गाडी अडवली," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं आंदोलन आहे. एक म्हातारी गाडीसमोर तांब्या घेऊन उभी. पिल्याशिवाय बाजूलाच होईना."

ते दिसत होतं. मॅडमच्या वरच्या ओठावर आंबिलीची पांढरी मिशी उमटलेली होती. बारीक, पण ठसठशीत.

आता सांगा, काय करायचं? साहेबाला मिशी आहे हे सांगता येतं, मॅडमला कसं सांगायचं? सांगितलं तर अपमान. नाही सांगितलं तर नंतर आरशात बघितल्यावर जास्त अपमान, आणि तेव्हा आठवणार की हा समोर उभा होता. मी नजर त्यांच्या कपाळावर ठेवली आणि म्हणालो, "लई प्रेमळ लोक आहेत मॅडम आमच्याकडचे. या, असं या."

शेजाऱ्याच्या कोपीत घोंगडीवर त्यांना बसवलं. त्यांनी हरभऱ्याकडे बघितलं. सरीतल्या नळ्यांकडे बघितलं. वाकून एक नळी उचलून बघितली, थेंब बोटावर घेतला, फोनमध्ये फोटो काढला. आणि चेहरा जरा सैल झाला. माझाही झाला.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. कौतुकाचे दोन शब्द! "हे सगळं तुमचं?"

"आपलंच आहे मॅडम," मी म्हणालो. भावकीतला माणूस म्हणजे आपलाच की.

एवढ्यात बांधापलीकडून तोफ डागली गेली.

"अरे ए! पाव्हणीला दुसऱ्याच्या कोपीत बसवतूस व्हय रं? आपल्या शेतात काय पटकी आलीया? कव्हाचा बघायलोय मी, कव्हा आणतोय, कव्हा आणतोय!"

आबा उभे होते. हातात तांब्या, डोक्याला फेटा, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या कोपीतले लोकही आपलीच पाव्हणी पळवली असं समजून उठून उभे राहिले.

मॅडमनी आबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तुमचं शेत कुठलं?"

मी बोट दाखवलं. बोट दोन्ही शेतांच्या मधल्या बाभळीकडे जाईल असं बेताने दाखवलं. पण मॅडम बोटाच्या भानगडीत न पडता सरळ उठल्या आणि आबांच्या दिशेने चालू लागल्या. बांध ओलांडला, आणि पुढचं पाऊल पडलं ते आबांच्या पाटात. आदल्या दिवशी गव्हाला पाणी दिलेलं. सँडल चिखलात घोट्यापर्यंत गेली आणि पाय नुसताच वर आला.

ठिबकच्या कंपनीची मुख्य बाई, ठिबकच्याच लातूरच्या माणसाच्या शेतात, पाटाच्या चिखलात एका पायावर उभी. त्या क्षणी मला नांदेडच्या गोडाऊनचे पत्रे डोळ्यांसमोर चमकले. उंदरांचे चेहरेसुद्धा दिसले.

सँडल माझ्या बायकोने ओढून काढली, धुतली आणि उन्हात ठेवली. तोवर आबांनी मॅडमना आपल्या कोपीत बसवून पत्रावळ मांडली होती. मॅडम म्हणाल्या, "मी जेवत नाही आत्ता, आपण आधी मीटिंग—"

"बाई," आबा म्हणाले, "मीटिंग पांडवांच्या म्होरं उपाशी पोटी करत न्हाईत. आन् आधी त्येवढं ओठाचं पुसून घ्या. आंबील लागलीया."

मॅडमनी बोट ओठाला लावलं. बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिल्या.

"कधीपासून?"

"आल्यापासून," मी म्हणालो.

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

मी शेताकडे बघितलं. गहू चांगला होता.

जेवण सुरू झालं. भज्जी वाढली, भाकरी वाढली, खीर वाढली. पहिले चार घास मॅडमनी आजारी माणसाने औषध घ्यावं तसे घेतले. पाचव्यापासून बोलायचं बंद केलं. बायको मागे उभी राहून वाढत होती आणि मॅडम नको म्हणेपर्यंत वाढून झालेलं असायचं. मी मात्र खाऊ शकत नव्हतो. एकाच भाकरीचे तुकडे करत होतो, संपले की तुकड्यांचे तुकडे. आता पाटाचं विचारणार. आता विचारणार. आता.

"आबा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या शेतात ठिबक नाही?"

"न्हाई."

"का?"

आबांनी तांब्यातून आंबील प्यायली, मिशा पुसल्या, आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या गड्यानं साऱ्या शिवाराला नळ्या इकल्या. डाव्या हाताला इकल्या, उजव्या हाताला इकल्या. ज्यानं आमच्या बापाशी बांधावरनं भांडण काढलं त्येलाबी इकल्या. मला कव्हा इचारलं का? इचारा त्याला."

मॅडमनी खरंच विचारलं. "का नाही विचारलं?"

"नाही म्हणाले असते," मी म्हणालो.

"न्हाईच म्हणलो असतो!" आबा कडाडले. "मुळाला थेंब थेंब पाजाया पीक काय दवाखान्यात हाय व्हय? पन इचाराया काय जीभ झडली व्हती का तुझी? घरचा मानूस हाय मी. न्हाई म्हणाया तरी जागा ठिवशील का न्हाई?"

बायको तोंडाला पदर लावून भाकऱ्यांच्या टोपल्याकडे वळली; तिचे खांदे हलत होते. मॅडमनी पत्रावळीतला शेवटचा उंडा मोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी मी फोन केला तेव्हा, आज सुट्टी असते हे सांगायला काय झालं होतं?"

"मॅडम, मला वाटलं तुम्ही जेवायलाच येताय."

मॅडमचा हात थांबला.

"इथे नोकरीला लागल्यापासून," त्या म्हणाल्या, "मला कोणी जेवायला बोलावलेलं नाही. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. मिस्टरांनाही आणा म्हणे."

"मग त्यांनला काहून आणलं न्हाई?" आबांनी विचारलं, आणि मडक्यात भांडं बुडवून मॅडमच्या पेल्यात परत आंबील ओतली.

त्यानंतर मीटिंग झाली. खरोखर झाली. फिटर आपल्या शेतातून खिशात बोरं भरून आला, हिशेबवाला सहकुटुंब आला. मॅडमनी लॅपटॉप बाजरीच्या पोत्यावर ठेवला, पांडवांच्या शेजारी, आणि प्रश्न सुरू केले. मी नेहमीसारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं, "मॅडम, या हंगामात तर असं म्हणा की तालुकाच्या तालुका—" आणि मॅडमनी माझ्याकडे न बघता आबांकडे बघितलं. आबांनी मान आडवी हलवली. मॅडमनी कमी करून लिहिलं. मी पुढचा आकडा सांगितला. आबांची मान. आणखी कमी. मोंढ्यात माल भिजलेला निघाल्यावर भाव पडतो तसा माझ्या प्रत्येक वाक्याचा भाव माझ्याच डोळ्यांदेखत पडत होता, आणि पाडणारा माझ्याच घरचा. जे उरलं ते, माझ्या मानाने, बारीकच होतं. पण मॅडम त्या उरलेल्याकडे बघून म्हणाल्या, "हे तर चांगलं आहे. एवढं असताना तुम्ही फुगवून का सांगता?"

मी म्हणालो, "सवय, मॅडम."

"लहानपणापास्नं हाय," आबांनी दुजोरा दिला. "एकदा सांगत आला, हिरीत मगर हाय. निस्तं बेडूक व्हतं."

ते बेडूक साधं नव्हतं, पण ती गोष्ट वेगळी.

सगळं झालं, हसणं झालं, बोरं झाली, मॅडमनी आबांबरोबर शेताला चक्करही मारली, अनवाणी, सँडल वाळली नव्हती म्हणून. आणि तरी गोडाऊनचा शब्द नाही. मी मागे मागे चालत होतो आणि प्रत्येक सरीला वाटत होतं, आता म्हणतील. या सरीला म्हणतील. त्या हसतात म्हणजे काय? निरोपाचं हसणं असतं तसं तर नाही? माणसाला बदलीवर पाठवायचं असलं की साहेब लोक आधी गोड होतात, हे मी ऐकून होतो. चेहरा वाचायला बघितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर आता ऊन होतं आणि ते वाचता येईना.

ऊन कलायला लागलं. लोक मावळतीला कडब्याची चूड पेटवून शेताभोवती फिरवतात, तिची तयारी आबांनी सुरू केली. मॅडम म्हणाल्या, अंधाराआधी निदान लातूर गाठायला हवं. बायकोने स्टीलच्या डब्यात भज्जी, फडक्यात भाकरी आणि बाटलीत आंबील बांधून दिली.

"डबा रिकामा धाडायचा न्हाई," आबा म्हणाले. "तुमी आणून द्यायचा. मिस्टरांसंगं."

"आणते," मॅडम म्हणाल्या.

मी गाडीपर्यंत सोडायला गेलो. डबा मागच्या सीटवर ठेवला. तो डुगडुगला, सरळ केला. परत डुगडुगला, परत केला. मॅडमनी पट्टा लावला, काच खाली केली. गाडी सुरू झाली आणि मला कळलं की ही गेली तर मी सोमवारपर्यंत विहिरीच्या काठावर रेंज शोधत उभा राहणार आहे, आणि तिथेच झाड होणार आहे. पाठीमागून आबांचा एक डोळा मानेला टोचत होता.

"मॅडम," मी म्हणालो. आवाज बेडकासारखा निघाला. "एक विचारू?"

"विचारा."

"मला नांदेडच्या गोडाऊनवर बसवणार आहात का?"

मॅडमनी गाडी बंद केली नाही, पण ब्रेकवरचा पायही काढला नाही. "हे कोणी सांगितलं?"

"ऐकलं. दिवाळीपासून."

"आणि आज विचारताय."

"हो."

"यादीत नाव होतं तुमचं," त्या म्हणाल्या. "मीच काढलं, मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. मारल्याही असतील, रस्त्याकडेची माणसं अजून सांगतात की तेव्हा जमीन हादरली. मग मात्र मला राहवलं नाही. मला वाटलं, आता कौतुक येणार: माणसं जोडतो, शेतकऱ्यांत वावरतो, लातूर याच्याशिवाय चालणार नाही. ते त्यांच्या तोंडून ऐकायचंच होतं. मी खिडकीत वाकलो. "पण मॅडम, का काढलं?"

मॅडमनी गिअर टाकला.

"तिथे पाइप मोजावे लागतात."